धाकट्याला निळा

थोरल्याने धाकट्याचा चेहरा स्क्रीनवर इतका मोठा केला, की कपाळावरून सायकल चालवता यावी. तरी एक डाग सापडेना.

"चाळिशी उलटली, तरी लेकाचा लोण्यासारखा," तो पुटपुटला.

वरच्या मजल्यावर आई अंथरुणाला खिळली होती. तिला दोन्ही मुलांचा एक फोटो उशाशी हवा होता, आणि तोही काळा-पांढरा. रंगीत फोटोतली माणसं तिला जाहिरातीतली वाटत. थोरला तिच्यापाशी राहायचा, औषधं द्यायचा, खाली स्टुडिओ चालवायचा. धाकटा कधीमधी उगवायचा, तिचा गालगुच्चा घेऊन पसार व्हायचा, की मग आठवडाभर आईच्या तोंडी त्याचंच नाव. फोटो काढतानाही ती म्हणाली होती, "त्याला उजेडात बसव रे. तू काय, कुठेही बस."

रंगीत फोटोत तीन चॅनेल असतात, लाल, हिरवा आणि निळा. एकेकटा पाहिला तर प्रत्येक काळा-पांढराच दिसतो, पण स्वभाव निराळे. लाल मोठ्या मनाचा. कातडीवरचं सगळं पोटात घालतो. निळा पक्का चुगलखोर. नसल्यासारखा डागही उकरून दाखवतो.

थोरल्याने स्वतःच्या चेहऱ्यापुरता लाल ठेवला आणि धाकट्याला निळा दिला.

राजबिंड्या भावाच्या तोंडावर काळे चट्टे उमटले, डोळ्यांखाली खड्डे पडले. शेजारी थोरला मात्र नवरदेवासारखा उजळ. तो खुर्चीत रेलून शीळ घालू लागला.

आईने फोटो डोळ्यांजवळ धरला. तिचा अंगठा सरळ धाकट्याच्या गालावर गेला.

"अगं बाई! काय झालं याला?"

"काय व्हायचंय? वय होतंय."

"वय कसलं? खंगलंय माझं पोर. आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय!" तिने फोटो छातीशी धरला. "आजच फोन कर. म्हणावं, इथे येऊन राहा. तुझी खोली दे त्याला, ऊन येतं तिथे."

"आणि मी?"

"तुला काय धाड भरलीय? बघ की, कसा टवटवीत दिसतोस!"

"ही कच्ची प्रत आहे, दे इकडे," म्हणत त्याने फोटो तिच्या बोटांतून हळूच सोडवला.

खाली येऊन त्याने फोटो पुन्हा उघडला. धाकट्याला लाल दिला. लोणी परत आलं. निळा स्वतःच्या चेहऱ्यावर चढवला. जरा विचार करून आणखी गडद केला.

नवी प्रत घेऊन तो जिना चढला. आईच्या दाराबाहेर थांबला, खांदे पाडले आणि आत ऐकू जाईल इतपत खोकला.