राष्ट्राध्यक्षांना दिलेली भूल

सुप्रभा कर्णिक भूलतज्ज्ञ होती. नागपूरहून येऊन लंडनमध्ये स्थिरावलेली. २००४च्या हिवाळ्यात तिच्याकडे एक वेगळाच पेशंट आला: बेलांगा देशाचे राष्ट्राध्यक्ष. देशात यादवी पेटलेली, आणि यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या.

बायपासच्या आदल्या संध्याकाळी ती त्यांना तपासायला गेली, तर खोलीत वाद चालला होता.

"तुम्ही बेशुद्ध असाल तोवर सत्ता सभापतींकडे जायला हवी," म्हातारे कायदेमंत्री म्हणत होते. "घटनेत तसं आहे, आणि सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलंय."

"सभापती लगेच बंडखोरांशी तह करतील. कारभार जनरल पाहील. माझा सख्खा मेहुणा आहे तो."

"ही घटनेची पायमल्ली आहे, साहेब."

"आधी युद्ध जिंकू दे. घटनेचं मग बघू."

मंत्री निघून गेले. राष्ट्राध्यक्ष सुप्रभाकडे वळले. "डॉक्टर, मला जागं ठेवून नाही का करता येणार?"

"छाती उघडायचीय, सर. नाही."

सकाळी भूल चढताना त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. ती बोटं सैल पडायला बराच वेळ लागला.

ऑपरेशन निर्विघ्न पार पडलं. संध्याकाळी ती स्टाफरूममध्ये चहाला आली, तेव्हा टीव्हीवर बेलांगाची राजधानी दिसत होती. कोर्टाभोवती रणगाडे होते, न्यायाधीशांना ट्रकमध्ये कोंबलं जात होतं. सभापतींचा ठावठिकाणा नव्हता. जनरल शांतपणे सांगत होता, "राष्ट्राध्यक्ष शुद्धीवर येण्याची आता आशा नाही."

सुप्रभा धावतच आयसीयूकडे गेली. दाराबाहेरचे नेहमीचे अंगरक्षक गायब होते. त्यांच्या जागी दोन अनोळखी माणसं उभी होती.

"शुद्ध आली का त्यांना?" एकानं अदबीनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आणि आत कुणालाही सोडणार नाही."

आत शिरून तिनं दार लावून घेतलं आणि नर्सला पोलिसांना बोलवायला सांगितलं. पोलिस येईपर्यंत ती माणसं पसार झाली होती.

राष्ट्राध्यक्ष टक्क जागे होते. तिनं टीव्हीवर पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"कायदेमंत्र्यांना फोन लावा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "विचारा, घटनेप्रमाणे आता मी कोण आहे?"

तिनं मंत्र्यांच्या हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनवाली म्हणाली, ते सकाळी दोन माणसांबरोबर बाहेर पडले, ते परतलेच नाहीत.