वीस नमुने, मुक्काम डिलाईल रोड

जयवंत घाडी भूगर्भशास्त्र शिकतो, याला डिलाईल रोडच्या चाळीची काही हरकत नव्हती. फक्त दगडांत चार वर्षं पुरेल इतकं शिकण्यासारखं काय असतं, हे कोणाला कळत नव्हतं. त्याचे वडील बुधाजी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. त्यांनी एकदा विचारलं होतं, पास झाल्यावर हे दगड कोण घेतं? जयवंत म्हणाला, सरकार घेतं. बुधाजींचं समाधान झालं. सरकार काहीही घेतं, हे त्यांना ठाऊक होतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने हिंडून गोळा केलेले वीस नमुने दाखवायचे असत. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे दगडाचं नाव व सापडल्याची जागा. नमुने नाहीत तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. बुधाजींनी साचेखात्यात त्याच्यासाठी बदली कामगाराचं काम सांगून ठेवलं होतं आणि जयवंतला ते मुळीच नको होतं. दोन वर्षं उन्हातान्हात वणवण करून त्याने वीस दगड जमवले. खोलीत नऊ माणसं राहत असल्यामुळे ते खोक्यात भरून दाराबाहेर गॅलरीत ठेवले होते.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ऐकल्यापासून गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. नमुने दाखवायला आठ दिवस उरले असताना जयवंत दादरला मित्राकडे अभ्यासाला गेला आणि दंगलीमुळे तिथेच अडकला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन पाहतो तर खोकं रिकामं. त्याची आई जाईबाई शांतपणे तांदूळ निवडत बसली होती.

"पोरां इली, म्हणाली मावशे, खालचे दगड संपले," ती म्हणाली. "मी दिलंय. दगडच मा ते? परत गावतले."

शेजारणीला विरजण देताना हात आखडणारी बाई, पण महाराष्ट्राच्या बाबतीत तिने हात आखडला नव्हता. जयवंतला इतका संताप आला की तोंडातून शब्द फुटेना. तो बोलत नाही म्हणजे त्याला पटलं, असं समजून ती पुन्हा तांदळाकडे वळली.

रस्त्यावर एकही नमुना सापडला नाही. पोलिसांनी सगळे दगड उचलून नेले होते. जयवंत तसाच चौकीवर गेला. फौजदारसाहेबांच्या टेबलावर त्याचे सतरा नमुने ओळीने मांडलेले होते. सात नंबर अगदी समोर होता, मालवणच्या सड्यावरचा जांभा. तो पाहून जयवंतला रडू यायचं बाकी राहिलं. आपले म्हणून मागायला तो तोंड उघडणार, तोच फौजदार जमादाराला सांगू लागले की दगडांना नंबर आहेत, याचा अर्थ यामागे पद्धतशीर कट आहे. चार, अकरा आणि सोळा नंबर अजून बाहेर फिरताहेत, याची त्यांना विशेष काळजी वाटत होती. नंबर घालणारा हवाच, पण त्याआधी हे दगड पोरांच्या हातात कोणी दिले तो माणूस हवा, असं म्हणून त्यांनी जयवंतला तुझं काय काम आहे असं विचारलं.

संचारबंदी कधी उठणार हे विचारायला आलो होतो, असं जयवंतने सांगितलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, गावले? तो म्हणाला, ते माझे नव्हतेच. मग बुधाजींनी दोनदा खोदून विचारल्यावर त्याने खरं काय ते सांगितलं. जाईबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. किती दगड लागतात, एवढंच तिने विचारलं. वीस, पण सगळे वेगवेगळ्या जातीचे, असं त्याने सांगितलं. दगडांतही जाती असतात हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती चाळीत दारोदार फिरली. कोणी चंदन उगाळायची सहाण दिली, कोणी पोराची फुटकी पाटी. सुंदराबाईकडून सैंधवाचा खडा आला आणि सोनारकाम सोडलेल्या एका म्हाताऱ्याने कसोटीचा दगड दिला. गेरू आला, संगजिऱ्याचा मऊ पांढरा खडा आला, बुधाजींनी गिरणीच्या बॉयलरखान्यातून दगडी कोळसा आणला. तळमजल्यावरचा गणपत वीट घेऊन आला, ती जयवंतने आभार मानून परत केली. गंगुबाईने तर देवातला शाळिग्राम दिला. यावर नंबर घालायचा नाही आणि रोज आंघोळ घालायची, अशा तिच्या दोन अटी होत्या. एकोणीस भरले. विसावा जाईबाईने स्वतःचा वरवंटा दिला.

वहीत जागा खरी लिहायची असते, म्हणून जयवंतने खरी लिहिली. 'खोली नंबर बावन्न, देवघर.' 'खोली नंबर सदतीस, मोरीशेजारी.'

नमुने तपासणारे कोठारे सर शिवाजी पार्कला राहत आणि विद्यार्थ्यांना अहोजाहो करत. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शाळिग्रामाशी येताच चपला काढल्या, तो जीवाश्म नीट पाहिला आणि चपला पुन्हा घातल्या. मग, हे नमुने तुम्ही स्वतः हिंडून गोळा केलेत का, असं विचारलं.

चौकीवर जयवंत एकदा खोटं बोलला होता. दुसऱ्यांदा बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"नाही, सर. हे माझ्या आईने गोळा केले," तो म्हणाला. "माझे पोलिसांकडे आहेत. तेही तिनेच दिले."

सरांनी एकेक दगड उचलून तासभर जयवंतची उलटतपासणी घेतली. हा कसा बनला, यात कोणती खनिजं, खाणीत कुठे मिळेल. जयवंत कुठेही अडला नाही. शेवटी सरांनी विसावा नमुना हातात घेतला. बेसॉल्ट, जयवंतने सांगितलं. उत्तर बरोबर होतं. सरांनी वहीवर सही केली आणि परीक्षेला बसायला सांगितलं. वरवंट्याच्या झिजलेल्या पोटावरून अंगठा फिरवत त्यांनी एक शेवटचा प्रश्न विचारला.

"हा तुमच्याकडे आहे, तर घरी सध्या वाटण कशावर वाटताहेत?"

गेले चार दिवस जयवंत दोन्ही वेळा पोटभर जेवत होता, आणि हे त्याने विचारलं नव्हतं.