शाडूचा कोपरा

"काका, उठा आता, पँट भिजली तुमची," निमिष म्हणाला. "पुढच्या रविवारी मीटिंगमध्ये बोलूच ना आपण. आणि ऑनेस्टली, कमिटीचं ऑलमोस्ट ठरलंय."

मोरेश्वर दाणी उठला नाही. मराठी मंडळाच्या हॉलमागच्या पार्किंगमध्ये, अगदी खालच्या कोपऱ्यात तो गुडघे टेकून बसला होता आणि हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक डांबराच्या भोकांत खुपसत होता. फेब्रुवारी संपत आला होता. बर्फ हटवणाऱ्या प्लाउने कडेला लोटलेला बर्फाचा ढीग उन्हाने पाझरत होता आणि ते पाणी ह्या कोपऱ्यात येऊन तुंबत होतं. बाकीच्या पार्किंगवर मात्र पाणी यायचं आणि डोळ्यांदेखत जमिनीत मुरायचं.

"ठरलं असेल तर मला कशाला सांगतोस?" मोरेश्वर म्हणाला.

"तसं नाही काका, रिस्पेक्ट आहेच. पण मनोहरकाकांचा हात मोडला यार. उद्या कोणी केस केली तर?"

यार. बापाच्या वयाच्या माणसाला यार. मोरेश्वरने वर न बघता त्याच्या बुटांकडे पाहिलं. बर्फात पांढरे कापडी बूट घालून आला होता. हा मंडळाचा अध्यक्ष. पार्सिपनी गावातल्या कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवाल्यांचा साहेब होता, आणि पाणी बाटलीतून येतं ह्यापलीकडे त्याला पाण्याची काही माहिती नसावी, असं मोरेश्वरचं मत होतं. मोरेश्वरची मतं अशीच असत. मंडळातल्या डॉक्टरांना तो गोळ्यांचे दुकानदार म्हणे, नाटक बसवणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणे, आणि ढोलपथकाचा विषय निघाला की नुसती मान झटके. माणसंही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती त्याला पाठीमागे 'पार्किंगकाका' म्हणत, आणि तो बोलायला उभा राहिला की ज्याला त्याला महत्त्वाचे फोन यायला लागत.

निमिष गेला. त्याला मुलीला पोहायला सोडायचं होतं.

पार्किंगकाका हे नाव खोटं मात्र नव्हतं. मंडळाने हा हॉल घेतला तेव्हा टाऊनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, अट घातली होती, की जागेवरचं पावसाचं पाणी मागच्या ओढ्यात जाता कामा नये. मग मोरेश्वरने हे पार्किंग आखलं. साध्या डांबरात बारीक वाळू असते, तिने सगळी भोकं बुजतात. ह्याच्यात वाळू घातलीच नव्हती; खडी नुसती एकमेकीला चिकटून राहिलेली, मधे वाट मोकळी. खाली गोटी खडीचा थर, थंडी जमिनीत जिथवर उतरते त्याच्याही खाली गेलेला. दिवसा वितळलेला बर्फ खाली उतरून जातो, संध्याकाळी गोठायला वर पाणीच उरत नाही. म्हणून इथे बर्फ वितळवायचं मीठही जेमतेम टाकावं लागे. डांबर टाकलं त्या दिवशी मोरेश्वर पहाटेपासून उभा होता. चिखलाच्या चाकांचा ट्रक त्याने फाटकातून परत पाठवला होता. रोलर जास्त फिरला तर भोकं मिटतात म्हणून रोलरवाल्याशी भांडला होता, आणि तो रोलरवाला जाताना त्याला इंग्रजीतून काय म्हणाला ते त्याने घरी कधी सांगितलं नाही.

कारण त्याचं स्वतःचं असं एवढंच होतं. नागपूरहून इंजिनिअर होऊन ह्या देशात आला, आणि सगळी नोकरी एका कंपनीत दुसऱ्यांचे नकाशे तपासण्यात गेली. लाल पेन्सिलीने चुका काढायच्या, सही दुसऱ्याने करायची. मॉल उभे राहिले, शाळा उभ्या राहिल्या, कशावरच त्याचं नाव नव्हतं. हे पार्किंग तेवढं त्याने काढलं, त्याने घातलं. आता कमिटी म्हणत होती, हे उखडून साधं डांबर टाकू, मागे खड्डा काढून पाणी त्यात सोडू. जानेवारीत मनोहरकाका ह्याच कोपऱ्यात बर्फावरून घसरले आणि सगळ्यांना एकदम रस्त्यांतलं कळायला लागलं. ज्यांना घरचा नळ गळला तर माणूस बोलवावा लागतो, ते मोरेश्वरला सांगत होते, की काका, सच्छिद्र वगैरे इंडियात ठीक आहे, इथल्या थंडीत नाही चालत. थंडीतच चालतं म्हणून तर घातलं, हे त्याने सांगून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला राखाडी लगदा आला. त्याने तो बोटांत चोळला. वाळू असती तर करकरली असती. हा लोण्यासारखा मऊ होता. आणखी खोल उकरलं, तर लगद्यात गुलालाचा लालसर ठिपका निघाला आणि त्याच्याजवळ अक्षतांचा एक दाणा.

मोरेश्वरने ओळखलं. हा शाडू. घरच्या लाँड्रीतल्या सिंकमधून दर ऑगस्टमध्ये तो हाच लगदा उपसून काढी आणि काढताना बायकोच्या नावाने कडाकडा बोटं मोडी. सुमेधा मंडळातल्या पोरांना शाडूचे गणपती करायला शिकवत असे. शेकड्याने मूर्ती व्हायच्या. अनंत चतुर्दशीला हॉलच्या मागे प्लॅस्टिकचे मोठे टब मांडून त्यांत विसर्जन व्हायचं. मूर्ती विरघळल्या की टब इथेच, ह्या कोपऱ्यात उपडे होत असणार. तो कधी विसर्जनाला आलाच नव्हता. तिथे ढोल असत.

त्याला आनंद झाला. खरा आनंद, पोटातून आला. रस्ता निर्दोष होता. वरची दोन बोटं माती ओढून काढली की पुन्हा पाणी पिणार होता. ह्यात बायकोचं नाव निघेल हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण त्या आनंदात ते कोपऱ्यात जाऊन बसलं. निमिषला फोन करून आत्ताच सांगता आलं असतं. पण निमिष एकटा ऐकून 'ओके काका' म्हणाला असता. मोरेश्वरला अख्खी सभा हवी होती. त्याने लगद्याचा गोळा करून गाडीतल्या स्टीलच्या डब्यात घातला.

तो आठवडाभर घरी रोजच्यासारखं चाललं. सुमेधा पोळ्या करी, तो टीव्हीसमोर ताट घेऊन बसे, ती त्याच्या शेजारी बसे. मंगळवारी तिने विचारलं, "सापडलं का हो काही त्या कोपऱ्यात? तुम्ही उगाच जिवाला लावून घेता."

"रविवारी कळेल सगळ्यांना," तो म्हणाला.

"चांगलं असेल ना काही?"

"तुला कशाला त्यातलं? वरण वाढ."

तिने वरण वाढलं.

रविवारी हॉल भरला होता. आधी मिसळ होती, म्हणून भरला होता, असं मोरेश्वर मनात म्हणाला. निधी ही मंडळाची चिटणीस, तरुण बाई, तिची दोन्ही पोरं सुमेधाच्या वर्गाला जात. तिने ठराव वाचला. निमिषने पडद्यावर खड्ड्याचं चित्र दाखवलं. मनोहरकाका पहिल्या रांगेत प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसले होते, जणू तो हातही मतदानाला आणला होता.

मोरेश्वर उठला तसे फोन बाहेर आले. तो थांबला नाही. त्याने रस्ता कसा पाणी पितो ते सांगितलं, कशाने गुदमरतो ते सांगितलं, आणि पार्किंगच्या दाराशी लावलेल्या पाटीची आठवण दिली: वाळू टाकू नका, माती टाकू नका.

"इंग्रजीत लावली होती," तो म्हणाला. "मराठी वाचायला तुम्हाला जड जातं म्हणून."

मागे कोणीतरी हसलं. मग त्याने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि राखाडी गोळा पडद्याच्या उजेडात धरला. वाळलेला होता, पण गुलाल अजून दिसत होता.

"हा त्या कोपऱ्यातून निघाला. हा शाडू आहे. विसर्जनाचे टब तिथे ओतले जातात, दर वर्षी. रस्ता माझा नापास नाही. तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलात आणि वर म्हणता श्वास घेत नाही."

फोन खाली गेले. ही शांतता त्याने किती वर्षं मागितली होती. निमिषचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. पण निमिष मोरेश्वरकडे बघत नव्हता. कोणीच बघत नव्हतं. सगळी सभा मान वळवून चौथ्या रांगेत बघत होती, आणि तिथे सुमेधा शाल सावरत उभी राहिली होती.

"टब मीच ओतायला सांगते," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, मुलांना हात धुवा म्हणून सांगतानाचा. मग तिने नवऱ्याला विचारलं, "कधी सापडला हा?"

"मागच्या रविवारी."

"म्हणजे आठवडा झाला."

ती मनोहरकाकांकडे वळली आणि म्हणाली, की तुमचा हात माझ्यामुळे मोडला, मला खरंच ठाऊक नव्हतं. मनोहरकाका गडबडून अहो वहिनी, असं काय, असं काय करत राहिले. मग ती कमिटीला म्हणाली, "पार्किंग चांगलं आहे. उखडू नका, तेवढा कोपरा साफ करून घ्या. वर्ग मी थांबवते."

निधी उठून म्हणाली, की मावशी, टब बाजूच्या लॉनवर ओतू ना, त्यात काय एवढं, वर्ग कशाला बंद. बऱ्याच आया हो हो म्हणाल्या.

"ओता ना. वर्ग तू घे, निधी. हात चांगला आहे तुझा. मला आता हौस राहिली नाही."

हात वर झाले. ठराव पडला. पार्किंग राहिलं, एप्रिलमध्ये माती ओढून घेणारा ट्रक बोलवायचं ठरलं, आणि पुढे दर वर्षी दोनदा बोलवायचं हेही ठरलं. मोरेश्वरने मागितलेलं सगळं त्याला मिळालं. डब्याचं झाकण लावत असताना मनोहरकाका जवळ आले.

"मोरेश्वरराव, मी घरी पडून होतो तेव्हा तुमची बायको दर शुक्रवारी डबा घेऊन यायची. तुम्ही काही आला नाहीत," ते म्हणाले. "आज आलात. डबा घेऊनच आलात."

आणि पुढे निघून गेले. आणखी कोणी त्याच्याशी बोललं नाही.

गाडीत मोरेश्वर बोलत होता. जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. निमिषचा चेहरा कसा झाला, खड्ड्याचं ते चित्र कसं शाळकरी होतं, ह्या लोकांना उतार कशाला म्हणतात हेही कसं माहीत नाही, असं तो सांगत होता. सुमेधा काचेतून बाहेर बघत होती. दोन सिग्नल गेले.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्या वर्षी. टबांतलं पाणी कुठे ओतू म्हणून. तुम्ही मॅच बघत होतात. म्हणालात, पाणी प्यायलाच बांधलाय तो, समुद्र आणून ओत. मी म्हटलं, नुसतं पाणी नाही हो, त्यात माती आहे. तर म्हणालात, तुला काय कळतं त्यातलं. ओत."

मोरेश्वरला आठवेना. आठवत नाही म्हणून असं झालंच नाही, असं तो म्हणणार होता. पण शब्द सगळे त्याचे होते. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते बसलेच नसते. तिने बनवून सांगितले असते तर इतके नेमके बनवता आले नसते.

"मग तिथे का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"तिथे माणसं होती," सुमेधा म्हणाली.

ते घरी पोचले. ऊन उतरलं होतं. त्यांच्या घरापुढचा ड्राइव्हवे साध्या डांबराचा होता, घर घेतलं तेव्हापासूनचा. दिवसभर छपरावरून गळलेलं पाणी त्यावर पसरलं होतं आणि आता त्याची काच होत चालली होती. मोरेश्वर उतरून पलीकडे गेला, दार उघडलं आणि तिला धरायला हात पुढे केला. तिने तो पाहिला. गाडीच्या छताला धरून ती स्वतः उतरली, बर्फावरून एकेक पाऊल आडवं टाकत गॅरेजपर्यंत गेली आणि मिठाची पिशवी घेऊन बाहेर आली.

गॅरेजच्या दारापासून घराच्या पायरीपर्यंत तिने मीठ टाकलं, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं, मुठीमुठीने. मग तशीच टाकत टाकत परत आली. तो हात खाली घेऊन गाडीशी उभा होता. त्याच्या बुटांभोवतीही तिने मीठ टाकलं, पिशवीचं तोंड दुमडलं आणि आत गेली.