तराजूबाबांची राख

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे टेबलावर वजनकाटा आणि काट्यामागे तराजूबाबा. त्यांनी टोपलीतली कोंबडी तोलली, भरली एक किलो. मग चमचाभर राख मक्यात कालवून तिच्यापुढे ठेवली, सोबत वाडगाभर पाणी. अर्ध्या तासाने तीच कोंबडी शंभर ग्रॅमनी जड झाली आणि लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"पेंड म्हणजे पाप," बाबा गरजले. "नुसता मका घाला, वर माझी राख. मांस आकाशातून उतरेल."

आकाशाला तेवढाच उद्योग उरला होता.

गर्दीत कोंबड्यांची शेड चालवणारी शेडवाली मात्र काळजीत उभी होती. नवरा गेल्यापासून भाड्याची शेड आणि त्यातले पाचशे पक्षी, एवढाच तिला आधार. तीन आठवडे तिने सोयापेंड बंद करून मका आणि राख चारली होती. पक्षी वाढायचे थांबले आणि एकमेकांची पिसं उपटून खाऊ लागले. चार दिवसांनी व्यापाऱ्याची गाडी येणार होती. हलका माल तो उचलत नसे, आणि या खेपेला माल पडून राहिला तर मालक शेड दुसऱ्याला देणार होता.

"आणखी कडक राख मागते," ती सोबत आलेल्या नणंदेला म्हणाली. "दुसरं काही सुचतच नाही गं."

नणंद पशुखाद्याच्या गिरणीत कामाला होती. तिने वहिनीच्या हातातल्या, बाबांनी दिलेल्या पुडीतली राख जिभेवर ठेवली. "वहिनी, यात मीठ आहे," म्हणाली आणि तडक पुढे गेली.

"बाबा, या कोंबडीने रात्री काय खाल्लं होतं?"

"तिचा उपास होता."

"मग दुसरी उपाशी द्या. मी राखेशिवाय चारते."

"श्रद्धा लागते, बाई."

"कोणाला? कोंबडीला?"

लोक हसले, तशी बाबांची पंचाईत झाली. नकार देता येईना. साधा मका आणि साधं पाणी पोटात गेलेली दुसरी कोंबडीही अर्ध्या तासात ऐंशी ग्रॅमनी वाढली.

"हे मांस नव्हे," नणंद म्हणाली. "गळ्याखालच्या पिशवीतला दाणा आणि पाणी. मिठाने तहान लागते, म्हणून बाबांच्या कोंबडीची जास्त भरली. उद्या सकाळी सगळं बाहेर पडेल."

"पण माझ्या कोंबड्यांची पोटं हाताला गुबगुबीत लागतात," शेडवाली काकुळतीने म्हणाली.

"ती चरबी, वहिनी. मका ताकद देतो, पण मांस आणि पिसं धरतात पेंडीतल्या प्रथिनांवर. पेंड नसली की जास्तीची ताकद चरबी होऊन बसते. पिसं खातात तीसुद्धा त्याच उणिवेपायी."

"आजपासून पेंड घालते. चार दिवसांत भरतील ना?"

"नाही भरणार."

शेडवालीने हातातली पुडी मातीत ओतली. सगळं हातचं गेलं होतं आणि ते तिनेच आपल्या हाताने घालवलं होतं. शेजारचा म्हातारा अजूनही पुडीसाठी हात पुढे करत होता. तिने तो हात धरला.

"दादा, घरी दोन सारख्या कोंबड्या घ्या. एकीला मका आणि राख, दुसरीला मका आणि पेंड. दोघींना आठ दिवस रोज सकाळी उपाशीपोटी तोला. या बाबांचं ऐकू नका, माझंही ऐकू नका, स्वतः तोलून बघा. मी एवढंच केलं असतं ना, तर माझी शेड गेली नसती."