दोघांनी मिळवलेला एक

कॅनडातल्या रेजायना शहराच्या मोबाईल कंपनीत नादियाची जागा कपाटापाशी. कपाट लोखंडी, माणसाहून उंच, आणि त्यातल्या सर्किटच्या पाट्यांच्या स्मृतीत प्रांतातले सगळे ग्राहक: कोणाचा नंबर कोणता, तो आत्ता कुठे आहे. ही माहिती गेली की खिशातला फोन नुसता ठोकळा. म्हणून प्रत्येक पाटीला एक जोडीदार. एक मेली तरी दुसरी संसार ओढते.

या जोड्यांवर नादियाचा आंधळा विश्वास. तिचा धाकटा भाऊ ओरेस्ट चार वर्षं मूत्रपिंडाची वाट पाहत होता. हॉस्पिटलचा फोन आला की अर्ध्या तासात होकार द्यायचा. तरी "आमची यंत्रं पडत नाहीत रे, घरचा फोन कशाला पोसतोस?" म्हणत तिनंच तो काढायला लावला होता.

त्या सकाळी एक पाटी मेली. सॅस्काटून शहरातलं राखीव कपाट दुरुस्तीसाठी बंद होतं, पण जोडीदार पाटी शाबूत होती; मेलेली ओढून बदलायची, एवढंच काम. शेजारच्या खोलीत पडद्यासमोर कॅलगरीहून नुकताच बदलून आलेला ग्रँट बसला होता.

"कितवी?" नादियानं हेडफोनवर विचारलं.

"पाच. ओढ बिनधास्त."

पडदा शून्यापासून मोजतो, कपाटावरचे आकडे एकापासून. तिची वीस वर्षांची सवय: कपाटापाशी असेल त्यानं एक मिळवायचा. तिनं मिळवला आणि सहावी पाटी ओढली.

"नादिया! काय केलंस? जोडीदारच ओढलीस! चार लाख ग्राहक गायब!"

"तू पाच म्हणालास, मी एक मिळवला!"

"अगं, मी मिळवूनच सांगितलं! आमच्या कॅलगरीत पडद्यासमोरचा मिळवतो!"

दोघंही शहाणे, आणि बैल रिकामा! पाटी तिनं परत बसवली, पण स्मृती कोरी झालेली. सगळं पुन्हा भरायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ ती ओरेस्टचा नंबर लावत राहिली.

शेवटी त्याचाच फोन आला.

"हॉस्पिटलवाले बोलले आत्ता. मूत्रपिंड आलं होतं गं. चारदा लावला म्हणे, मी सापडलोच नाही. पुढच्याला दिलं." तो हसतोय की रडतोय, कळेना. "तुमच्यातला कोण गाढव आहे? नाव सांग फक्त."

ग्रँट धावत येऊन समोर उभा राहिला होता, पांढराफटक. त्याच्यावर ढकलणं सोपं होतं.

"मी," ती म्हणाली. "ओरेस्ट, मी."

तिनं फोन कानापासून काढून पाहिला. लागलेलाच होता.