भागीरथीचा रिपोर्ट

पॉझिटिव्ह रिपोर्ट लाल शाईने लिहायचा आणि पावती घेऊन जो येईल त्याच्या हातात द्यायचा, अशी आमच्या मानपाडा रोडवरच्या लॅबची पद्धत होती. १९८४ साली भागीरथीचा रिपोर्ट मी असाच तिच्या नवऱ्याच्या, राघोच्या हातात दिला. खाडीकाठची कोळी माणसं. दोन पोरं पाचव्या महिन्यात पोटातच गेली होती, म्हणून तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. गरमीच्या रोगाची तपासणी, व्हीडीआरएल, पॉझिटिव्ह आली. म्हणजे काय, असं राघोने विचारलं. बाकड्यावर पेशंट खोळंबले होते, माझं डोकं तापलेलं. बाहेरख्याली माणसांना होतो तो रोग, असं मी सांगितलं आणि वर शहाणपणा केला, "बायकोला विचार."

खरं तर खात्रीची दुसरी तपासणी करायला हवी होती, राघोचंही रक्त घ्यायला हवं होतं. अंगातली सूज दाखवणारा तिचा ईएसआर, जो विसाच्या आसपास हवा, नव्वदच्या वर गेला होता, तो का, हे मी गाढवाने कुणाला विचारलंसुद्धा नाही. राघोने तिला त्याच आठवड्यात दिवा गावात, तिच्या आईकडे नेऊन टाकली. तिसरं पोरही तिथेच गेलं.

नऊ वर्षांनी ठाण्यात एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकायला गेलो. काही बायकांचं शरीर स्वतःशीच वैर धरतं, असं ते सांगत होते. रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, वारेत गुठळ्या होतात, बाळ जगत नाही. आणि अशा रक्तात रोग नसतानाही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येते. पुढचं मला काही ऐकू आलं नाही. भर सभागृहात मला रडू आलं.

दिव्यात विचारत विचारत तिला शोधून काढली. पस्तिशीची बाई, डावा हात लुळा पडलेला, बहुतेक तोही गुठळीनेच. तिचं रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. तो रोग तिला कधी झालाच नव्हता. नवा रिपोर्ट घेऊन मी तिच्या दारात गेलो, वाचून दाखवला. चूक माझी होती म्हणालो, राघोलाही जाऊन सांगतो म्हणालो.

ती एका हाताने सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मना कशाला सांगतंस? मना ठावंच व्हतं. माजे आयला सांगाचं व्हतं. मरंपर्यंत माजे हातचं पानी नाय प्याली ती."