सदर आदेश सध्या वाचकाकडे आहे

आमचा वाचनकक्ष वाचला.

आता हे वाक्य विसरून जा, कारण मुख्य कार्यालयाच्या कागदांनुसार असं काही घडलेलंच नाही. त्यांच्या कागदांनुसार वाचनकक्ष बंद करण्याची कार्यवाही सुरळीत चालू आहे, तिला कुणीही आडवं गेलेलं नाही, आणि तिथले साहेब त्या मंगळवारी ग्रंथालयात आलेच नव्हते. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मी या ग्रंथालयात हंगामी सहायक आहे. हंगाम कोणता ते विचारू नका. तीन वर्षं झाली, अजून बदललेला नाही. माझ्यावर ग्रंथपाल बाई आहेत. बाईंनी एकतीस वर्षांत एकही नियम मोडलेला नाही. एकदा पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं म्हणून त्यांनी स्वतःलाच लेखी समज दिली होती आणि पोचपावतीवर सहीही घेतली होती. तिसरे शिक्केकाका. आलेल्या प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांकाचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. दोन वर्षांत नवीन पुस्तक आलेलं नाही, पण हाताला सवय असते. गेल्या वर्षभरात काकांनी पंख्याचं हमीपत्र, शेजारच्या दुकानाची जाहिरात आणि माझा रजेचा अर्ज दाखल करून घेतला. रजा मिळाली नाही. अर्ज प्रवासवर्णनांच्या कपाटात आहे.

ग्रंथालयाचं खातं मी उघडलं. म्हणजे ते छोट्या मजकुराचं ठिकाण असतं ना, जिथे लोक पहिल्या ओळीत नमस्कार करतात आणि तिसऱ्या ओळीत ब्लॉक करतात, तिथे. मला वाटलं होतं बाई हाकलून देतील. त्यांनी फक्त विचारलं, "मजकूर केवढा चालतो?"

"दोनशे ऐंशी अक्षरं."

"म्हणजे सूचीकार्डाएवढा," बाई म्हणाल्या. "मग यात नवीन काय आहे? मी जन्मभर तेच लिहितेय."

तेव्हापासून पद्धत ठरली. मी जुन्या कार्डाच्या पाठीमागे मजकूर लिहायचा, बाईंनी लाल पेन्सिल फिरवायची, उरलं तर मी टाकायचं. उद्गारचिन्ह वापरायचं नाही. 'वाचाल तर वाचाल' लिहायचं नाही, कारण तो फलक भिंतीवर आहे आणि त्याच्याखालीच लोक सगळ्यात गाढ झोपतात. कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्यायचं, आणि उत्तर माहीत नसेल तर 'शोधतो' म्हणून खरोखर शोधायचं.

सुरुवातीला मी मांजराचा व्हिडिओ टाकला होता. तो तिघांनी पाहिला. त्यातली एक मी होते. मग बाईंनी एक कार्ड लिहून दिलं: 'आज परत आलेल्या पाककृतींच्या पुस्तकात चिठ्ठी सापडली. "हे करू नकोस, मी केलं होतं." ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी.' दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी माझीच आहे म्हणून अकरा जण आले. त्यांतल्या चौघांनी जाताना पुस्तकं नेली. एकाने विचारलं, निळ्या कव्हरचं एक पुस्तक होतं, त्यात शेवटी कुत्रा मरतो, ते आहे का? बाईंनी चार मिनिटांत काढून दिलं आणि खाली लिहिलं, 'कुत्रा शेवटी मरत नाही, आपण शेवटचं पान वाचलेलं नाही.' त्या माणसाने तीन महिने रोज आमची पोस्ट दुसऱ्यांना पाठवली. अशी माणसं वाढत गेली. बाई त्यांना फॉलोअर म्हणत नाहीत, 'बिनसभासद' म्हणतात.

वाचनकक्षात खिडकीच्या कोपऱ्यात माझी सख्खी ताई बसते. सकाळी ती तपासणी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते आणि दुपारपासून आमच्याकडे तंत्रज्ञाच्या परीक्षेचा अभ्यास करते. वयाच्या अटीमुळे हा तिचा शेवटचा प्रयत्न, आणि परीक्षेला दोन महिने राहिलेले. घरी अभ्यास होत नाही. आमच्याकडे खोली एक आहे आणि बाबा रेडिओ दुरुस्त करतात. रेडिओ दुरुस्त झाला की नाही हे कळायला तो मोठ्याने लावावा लागतो. झाला नसेल तर आणखी मोठ्याने.

तर आदेश आला. एक पान. 'वाचकसंख्या अत्यल्प असल्याने वाचनकक्ष बंद करण्यात येत आहे. ग्रंथपालांनी याच प्रतीवर सही करून ती सात दिवसांत मुख्य कार्यालयास परत करावी. प्रत प्राप्त होताच कुलूप लावण्यासाठी माणूस पाठवण्यात येईल.'

मी तो वाचला आणि ताईला दाखवायला आत गेले. ताईने पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "म्हणजे मी आता रेडिओशेजारी बसून पेशी मोजू?"

"अगं हळू बोल."

"कशाला हळू? बंदच करतायत ना!"

बाईंनी बाहेरून टेबलावर पेन्सिल आपटली. कुलूप लागेपर्यंत शांततेचा नियम लागू होता.

आदेश मी बाईंच्या टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेले. परत आले तर काका त्याच्यावर फुंकर घालत होते. शाई ओली होती. दाखल क्रमांक २८४१७.

"काका! हे पुस्तक आहे का?"

"कागद होता," काका म्हणाले. "वर नाव होतं, खाली सही होती. मी काय कादंबरी आहे की कथासंग्रह ते बघत बसू?"

मी डोक्याला हात लावला. बाईंनी चष्मा लावला, शिक्का बघितला, बराच वेळ बघितला, आणि खणातून नियमावली काढली. नियम चौदा त्यांना पाठ होता, पण पाठ असला तरी बघून वाचायचा, असाही एक नियम आहे.

"'ज्यावर दाखल क्रमांक पडला ते ग्रंथालयाचं. ते वाचकाच्या हातून बाहेर जाईल किंवा बाद करणाऱ्या समितीच्या ठरावाने. अन्य मार्गाने नाही.'"

"मग समिती बोलवा."

"समितीत तिघं. एक वारले, एक परगावी गेले, तिसरी मी. आणि बाद करायला ते फाटलेलं, भिजलेलं किंवा वाळवीने खाल्लेलं लागतं. हे तर कोरं करकरीत आहे."

"म्हणजे हे परत पाठवता येणार नाही?"

"मी नियम लिहिलेले नाहीत," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक काढायला लागल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलेलं नाही, मलाही कळलं नाही. पण पेन्सिलीला टोक आधीच होतं.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती सरळ टेबलाशी आली आणि आपलं सभासद कार्ड पुढे केलं. "मला हे पंधरा दिवसांसाठी हवंय."

"वाचून झालंय ना तुझं?" मी म्हटलं.

"मला नीट समजून वाचायचंय. तू मध्ये पडू नकोस, शेंबडे."

बाईंनी नोंद केली, तारखेचा शिक्का मारला आणि आदेश ताईच्या पिशवीत, रक्तपेशींच्या पुस्तकात गेला. मग बाईंनी कोरं कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं. त्यांनी उद्गारचिन्ह खोडलं. उरलं ते असं:

'नवीन दाखल, २८४१७. वाचनकक्ष बंद करण्याचा आदेश. पृष्ठं एक. लेखक: मुख्य कार्यालय. सध्या वाचकाकडे आहे. सभासदांना राखून ठेवता येईल, एका वाचकाला पंधरा दिवस. वाचनकक्ष रोज दहा ते सहा उघडा आहे.'

संध्याकाळपर्यंत सत्तर जणांनी मागितला. निळ्या कव्हरवाल्याने लिहिलं, 'शेवटचं पान वाचायची वाट बघतोय.' एका बाईंनी विचारलं, आदेश वाचायला मुलांना आणलं तर चालेल का? आमचं उत्तर: 'चालेल. बालविभाग डावीकडे.' पण राखून ठेवायला सभासद व्हावं लागतं, आणि सभासद व्हायला प्रत्यक्ष यावं लागतं, दोन फोटो आणि दोन सभासदांची ओळख घेऊन. दुसऱ्या दिवशी दहाला दार उघडलं तेव्हा बाहेर रांग होती. एवढी माणसं मी इथे एकदाच पाहिली होती, पाऊस पडत होता तेव्हा. लोक फॉर्म भरायचे, नंबर लागेपर्यंत बसायचं कुठे म्हणून वाचनकक्षात जायचे, आणि नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून काहीतरी उघडायचे. सोमवारी मी फळीवर चढून वरच्या रांगेतली पुस्तकं पुसली. ती कुणी मागेल असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी आमची पोस्ट एवढीच होती: 'वाचकसंख्या अत्यल्प. उभं राहायला जागा शिल्लक आहे.'

मंगळवारी साहेब आले. (आले नव्हते. पण आले असते तर पुढचं घडलं असतं.)

साहेब तावातावाने आत शिरले. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि फलकाकडे पाहिलं. 'शांतता राखा.' त्यामुळे पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. रागवायचं असेल आणि घशातून आवाज काढायची परवानगी नसेल तर माणूस कसा दिसतो ते मला तेव्हा कळलं. गरम झालेल्या किटलीसारखा.

"तो कागद द्या," साहेब कुजबुजले.

"वाचकाकडे आहे."

"कोणत्या वाचकाकडे?"

"ते सांगत नाही आम्ही. नियम नऊ."

खिडकीच्या कोपऱ्यातून ताईने मान वर केली, साहेबांकडे बघितलं आणि पान उलटलं.

"बाई, तुम्हाला हे महागात पडेल," साहेब म्हणाले. "मी दुसरा आदेश पाठवतो."

"पाठवा ना," मागून काका शिक्क्यावर हात ठेवून म्हणाले. "दुसरी आवृत्ती."

चाळीस माणसं हसली, सगळी कुजबुजत. तसलं हसू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. टायरमधून हवा जावी तसं.

साहेबांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "ती पोस्ट तू टाकलीस? आत्ताच्या आत्ता काढ. हंगामी आहेस ना? एका सहीत घरी बसशील."

खरं सांगते, मला भीती वाटली. घरी बसणं म्हणजे रेडिओशेजारी बसणं. हात फोनकडे गेला. पण समोर चाळीस माणसं होती, त्यांतल्या पंचवीस जणांना मी स्वतः 'या' म्हणून लिहिलं होतं, आणि 'या' म्हणून बोलावलेल्या माणसांना 'नाही, काही नाही' असं सांगायला दोनशे ऐंशी अक्षरं पुरत नाहीत.

"साहेब," मी म्हटलं, "सही करा. काकांनी शिक्का मारला की तीही दाखल करून घेऊ."

मी हे पूर्ण आवाजात म्हणाले. बाईंनी पेन्सिल उचलली. आपटली नाही. परत ठेवली.

साहेब पुन्हा बाईंकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "मला तो हवा असेल तर काय करायचं?"

बाईंनी फॉर्म पुढे केला. "दोन फोटो. आणि ओळख देणारे दोन सभासद."

साहेबांना ओळख द्यायला कुणी तयार होईना. शेवटी निळ्या कव्हरवाला पुढे आला, म्हणाला, "मी देतो, माणूस वाचायला लागला तर चांगलंच आहे." दुसरी सही ताईने केली. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "असू दे गं. मोजताना एक वाचक वाढला."

साहेबांचा क्रमांक सहाशे तेरावा लागला. म्हणजे त्यांच्या आधी सहाशे बारा. प्रत्येकी पंधरा दिवस. काकांनी कागदावर गुणाकार केला, पंचवीस वर्षं आणि दीड महिना, आणि साहेबांना प्रेमाने म्हणाले, "तोवर दुसरं काहीतरी न्या."

साहेबांनी पंख्याचं हमीपत्र नेलं.

ते गेल्यावर मी आणि ताई एकमेकींच्या हातावर टाळी देणार, तेवढ्यात बाईंनी पुन्हा नियमावली उघडली.

"नियम बावीस," बाई म्हणाल्या. "एखाद्या ग्रंथासाठी दहापेक्षा जास्त वाचक रांगेत असतील तर ग्रंथपालाने जादा प्रती मागवणं बंधनकारक आहे."

"बाई, जादा प्रती आल्या तर रांग लवकर संपेल!"

"नियम आहे."

"पण आपण जिंकतोय!"

"मग जिंकताना नियम मोडायचा?" बाई म्हणाल्या. "लिहून घे. आणि याची पोस्टही टाक, सगळ्यांना कळू दे आम्ही काय मागितलं ते."

मी लिहून घेतलं. उद्गारचिन्ह एकही घातलं नाही.

'प्रति, मुख्य कार्यालय. विषय: दाखल क्रमांक २८४१७ च्या जादा प्रती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त आदेशास वाचकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला असून सद्यःस्थितीत सहाशे तेरा सभासद प्रतीक्षेत आहेत, त्यांत आपल्या कार्यालयाचाही समावेश आहे. एकच प्रत सतत हाताळली गेल्याने घडीवर विरण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सदर आदेशाच्या साठ प्रती, शक्य झाल्यास कापडी बांधणीत, ठळक अक्षरांत व सचित्र, तसेच ज्येष्ठ वाचकांसाठी मोठ्या टायपातील पाच प्रती स्वतंत्रपणे, आणि लेखकाच्या स्वाक्षरीसह वाचनकक्षात जाहीर वाचनासाठी लेखकाची एक तारीख, या कार्यालयास त्वरित उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.'